विमान आणि बुडबुडा

विमानाची गोष्ट निघाली की माणसे त्याच्या उड्डाणाविषयी बोलतात. ते किती उंच जाते, किती वेगाने जाते, एका दमात किती दूर पोहोचते, हे सारे कौतुकाने विचारले जाते. परंतु आकाशात गेलेल्या प्रत्येक विमानाला अखेर भूमीवर यावे लागते आणि भूमीवर आल्यावर थांबावे लागते. हे थांबणे कसे साधते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

पहिल्या विमानापुढे हा प्रश्न फारसा नव्हता. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉक या गावाजवळच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट याने जे उड्डाण केले, ते अवघ्या १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्या विमानाला चाकेच नव्हती. ते एका रुळावरून सुटले आणि घसरगाडीला असतात तशा लाकडी पट्ट्यांवर उतरले. त्याला थांबविण्यास वाळू पुरेशी होती. पुढे विमाने जड झाली, त्यांचा वेग वाढला, त्यांना चाके आली. आणि चाके आली तेव्हा चाकांना आवरणारा ब्रेकही आवश्यक झाला.

ऑर्व्हिल व विल्बर हे राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत. विमान विकत मिळण्याचा तो काळ नव्हता. त्यांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले. आपले विमान आपणच बांधावे ही हौस तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. अशा हौशी लोकांची एक संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केली. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन हे तिचे नाव. १९७० सालापासून तिचा उन्हाळी मेळावा त्याच राज्यातील ओशकोश या गावी भरत आला आहे आणि तेथे देशोदेशीची घरी बांधलेली विमाने उतरतात. महाराष्ट्रातही अशी हौस दिसून आली आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील एका मोठ्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली.

घरी बांधलेल्या विमानाचा सुतार, लोहार आणि तारा जोडणारा कारागीर बहुधा एकच मनुष्य असतो. मोटार ठेवण्याच्या खोलीत, रोजचा कामधंदा संपल्यावर, तो हे काम करीत राहतो. त्यात कित्येक वर्षे जातात. उड्डाणापूर्वी सरकारी तपासनीस विमान पाहून जातो हे खरे. परंतु प्रत्येक नळीच्या आत तो डोकावू शकत नाही. आतले काम कसे झाले आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक असते. ब्रेकचे काम हे असेच आतले काम आहे.

अशा लहान विमानाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. वैमानिकाच्या पायाशी पेडल असते. पेडलाला जोडलेला एक दट्ट्या एका लहान सिलिंडरमध्ये सरकतो. त्या सिलिंडरपासून चाकापर्यंत एक बारीक नळी गेलेली असते व ती तेलाने पूर्ण भरलेली असते. चाकापाशी दुसरा, अधिक रुंद दट्ट्या असतो. पेडल दाबले की तेल पुढे रेटले जाते, चाकाजवळचा दट्ट्या सरकतो, आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला ब्रेकचे गुटके दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. चकती थांबते, म्हणून चाकही थांबते.

यामागील तत्त्व सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सांगितले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ते तत्त्व होय. पायाजवळचा दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा आणि चाकाजवळचा चार चौरस सेंटिमीटरचा असला, तर पहिल्यावर दिलेला १० किलोचा भार दुसऱ्यावर ४० किलोचा होतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकन मनुष्याने या तत्त्वावर मोटारीचा ब्रेक तयार केला आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तसे ब्रेक बसविण्यात आले. योगायोग असा की, १९१३ साली आपल्या भावाबरोबर समुद्रावरून उडणारे विमान बांधणारा माल्कम तो हाच.

द्रव चेपत नाही म्हणून हा ब्रेक चालतो. होळीच्या पिचकारीवर याची परीक्षा घेता येते. पिचकारी पाण्याने काठोकाठ भरावी, तिच्या तोंडावर अंगठा घट्ट धरावा आणि दट्ट्या दाबावा. तो हलत नाही. पाणी दगडासारखे आडवे येते. आता पिचकारी रिकामी करावी, नुसती हवा भरून तसेच दाबावे. या वेळी दट्ट्या सहज आत जातो व सोडताच मागे उसळतो. हवेवर दाब दुप्पट केला की तिचे आकारमान निम्मे होते, हा नियम इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडला.

आता ब्रेकच्या नळीत तेलाबरोबर थोडी हवा राहिली तर काय होईल? समजा, पेडलाच्या पूर्ण दाबाने ५ घनसेंटिमीटर तेल पुढे सरकते आणि नळीत ३ घनसेंटिमीटरचा बुडबुडा अडकला आहे. ब्रेक लागताना दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ३० पट झाला, तर तो बुडबुडा चेपून एक दशांश घनसेंटिमीटर उरेल. म्हणजे पेडलाच्या प्रवासाचा अर्ध्याहून अधिक भाग केवळ बुडबुडा चेपण्यात खर्ची पडेल. वैमानिकाचे बळ चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी वाटेतच जिरून जाईल.

मोटारीत हे घडले तर धोका आहेच. विमानात त्याला आणखी एक बाजू आहे. विमानाच्या उजव्या व डाव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र असतात. उजव्या पायाने उजवा, डाव्या पायाने डावा. घरी बांधलेल्या कित्येक विमानांचे पुढचे चाक, रुग्णाच्या चाकाच्या खुर्चीचे पुढचे लहान चाक असते तसे, मोकळे फिरणारे असते. विमान वेगात असते तोवर शेपटीचे सुकाणू त्याला सरळ ठेवते. कारण सुकाणूवरून वारा वाहत असतो. वेग मंदावला की वाऱ्याचे बळ ओसरते. त्यानंतर उजवीकडे वळायचे तर उजवा ब्रेक, डावीकडे वळायचे तर डावा ब्रेक, एवढेच साधन वैमानिकाच्या हाती उरते. डाव्या नळीत बुडबुडा असेल आणि उजवी निर्दोष असेल, तर दोन्ही पेडले सारखी दाबूनही विमान उजवीकडे ओढले जाईल आणि धावपट्टी सोडून भलतीकडे जाईल.

म्हणून नवीन विमानाच्या नळ्यांत तेल भरताना त्यातील हवेचा कण न् कण बाहेर काढावा लागतो. मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात याला ‘ब्रेकची हवा काढणे’ म्हणतात. तेथे दोघे जण लागतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी असलेला छोटा स्क्रू सैल करून हवा व तेल बाहेर सोडतो, स्क्रू पुन्हा आवळतो आणि मगच ‘सोड’ म्हणून सांगतो. स्क्रू उघडा असताना पेडल सोडले तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. लहान विमानात बहुधा याच्या उलट दिशेने काम करतात. चाकापाशी असलेल्या स्क्रूला पारदर्शक नळी जोडून तेल खालून वर चढवितात. हवा हलकी असल्याने तिची स्वाभाविक धाव वरच असते. तेल तिला वर ढकलीत नेते आणि वरच्या टाकीतून ती निघून जाते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे समजण्यासाठी विस्कॉन्सिनमधील एका घराची कल्पना करावी. हिवाळ्यातील शनिवारची संध्याकाळ आहे. बाहेर बर्फ पडत आहे. मोटारीच्या खोलीत दोन आसनांचे, चकाकत्या पत्र्याचे विमान उभे आहे. त्याचे पंख अद्याप भिंतीशी टेकून ठेवलेले आहेत. एक गृहस्थ गेली सात वर्षे ते बांधीत आहेत. त्यांची बारा वर्षांची मुलगी त्यांच्या मदतीला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मंडळी विमान पाहावयास येणार आहेत आणि ते अंगणात चालवून दाखविण्याचे वडिलांनी कबूल केले आहे.

वडिलांनी तेलाचा डबा उघडला. तेल तांबड्या रंगाचे होते.

“बाबा, आपल्या मोटारीचे ब्रेकचे तेल कपाटात आहे. तेच का नाही घालायचे?” मुलीने विचारले.

“ते तेल वेगळ्या जातीचे असते,” वडील म्हणाले. “या विमानाच्या दट्ट्यांना जी रबरी कडी आहेत, ती त्या तेलाने फुगतात आणि बिघडतात. हे खनिज तेल आहे. याला तांबडा रंग दिलेला असतो, त्यामुळे कोठे गळती झाली तर डाग ताबडतोब दिसतो. मात्र हे पेट घेणारे तेल आहे. ती शेगडी आधी विझव.”

मुलीने शेगडी विझविली. मग ती विमानात बसली. दोन्ही पेडले पूर्णपणे मागे ओढून धरणे हे तिचे काम होते. कारण पेडल पूर्ण मागे असले तरच सिलिंडरमधून टाकीकडे जाणारी वाट मोकळी राहते. वडिलांनी चाकाजवळचा स्क्रू थोडा सैल केला आणि कुपीतून हळूहळू तेल चढविण्यास आरंभ केला. पारदर्शक नळ्यांतून तांबडी रेघ वर सरकू लागली. टाकीत बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले; अखेर नुसते तेल येऊ लागले. उजवी बाजू झाली, मग डावी झाली. वडिलांनी दोन्ही स्क्रू आवळले, हात पुसले आणि ते स्वतः आसनावर बसले.

उजवे पेडल थोडे जाऊन घट्ट थांबले. डावे मात्र खोल गेले व पायाखाली कापसाच्या उशीसारखे मऊ लागले. त्यांनी डावे पेडल लागोपाठ तीन वेळा दाबले. चौथ्या वेळी तेही घट्ट झाले.

“झाले काम!” ते आनंदाने म्हणाले. “उद्या सकाळी विमान चालेल.”

मुलगी बोलली नाही. वडील हत्यारे आवरीत होते, तेवढ्यात ती पुन्हा आसनावर जाऊन बसली आणि तिने डावे पेडल दाबले. ते पुन्हा खोल गेले.

“बाबा, हे परत मऊ झाले आहे.”

“तीन वेळा दाबले की घट्ट होते, बाळ.”

“पण धावपट्टीवर तीन वेळा दाबावयास वेळ मिळेल का?”

वडील क्षणभर स्तब्ध राहिले. लागोपाठ पेडल दाबल्याने नळीत अधिक तेल जाते व बुडबुडा तात्पुरता चेपून राहतो; तो नाहीसा होत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते. परंतु सात वर्षांचे श्रम संपत आले होते, पाहुणे येणार होते, आणि मनाला जे हवे असते ते खरे मानावयास मन फार लवकर तयार होते. त्यांनी हातातील पाना खाली ठेवला.

“तू म्हणतेस ते बरोबर आहे. उद्या विमान चालणार नाही,” ते म्हणाले आणि शेजाऱ्यांना तसे कळविण्यास आत गेले.

रात्रभर विमान तसेच राहिले. ही विश्रांतीही उपयोगी पडते. तेलात विखुरलेले सूक्ष्म बुडबुडे हळूहळू एकत्र येतात आणि जेथे नळी सर्वांत उंच असते तेथे जाऊन बसतात. सकाळी मुलगी बॅटरी घेऊन पेडलांच्या खाली शिरली व दोन्ही बाजूंच्या नळ्या तिने टोकापासून टोकापर्यंत पाहिल्या. उजवी नळी टाकीपर्यंत सतत चढत गेली होती. डावी नळी मात्र दोन आसनांच्या पेडलांमध्ये कमानीसारखी वर उचललेली होती आणि मग पुन्हा खाली उतरून पुढे गेली होती. त्या कमानीच्या माथ्यावर, तांबड्या तेलात, बोराच्या बीएवढी एक पांढुरकी पोकळी दिसत होती.

“बाबा, तो येथे लपला आहे!”

आता वडिलांच्या लक्षात सारे आले. खालून आलेल्या तेलाने हवा कमानीच्या माथ्यापर्यंत आणली. पण तेथून पुढची वाट उताराची होती आणि हवा आपण होऊन खाली उतरत नाही. तेल तिच्या खालून निघून गेले आणि ती तेथेच राहिली. त्यांनी नळीची पकड सैल केली आणि कमान मोडून नळी टाकीकडे सतत चढती राहील अशी बसविली. मुलीने पेडले मागे ओढून धरली. वडिलांनी पुन्हा कुपी जोडली व थांबून थांबून तेल न देता एकसारखे दिले. मुलीने पान्याच्या लाकडी मुठीने नळीवर हलकेच टिचक्या मारल्या. पांढुरकी पोकळी थरथरली, सुटली आणि वर गेली. टाकीत एक बुडबुडा आला आणि फुटला. त्याचा आवाजही झाला नाही.

या वेळी डावे पेडल पहिल्याच दाबाला घट्ट थांबले. तरीही वडिलांनी घाई केली नाही. प्रत्येक जोडाखाली त्यांनी पांढरा कागद पसरला आणि मुलीला दोन्ही पेडले पाच मिनिटे दाबून धरण्यास सांगितले. कागदांवर एकही तांबडा ठिपका पडला नाही. त्यांनी टाकीत तेल तापल्यावर फुगण्यापुरती जागा ठेवली, झाकणाचे बारीक छिद्र मोकळे आहे की नाही ते पाहिले आणि वहीत त्या दिवसाची नोंद केली. नोंदीखाली त्यांनी स्वतःची सही केली आणि वही मुलीपुढे सरकविली. “बुडबुडा तू शोधलास. तुझीही सही हवी,” ते म्हणाले.

पाहुणे पुढच्या रविवारी आले. विमान अंगणात उजवीकडे वळले, डावीकडे वळले आणि ठरविलेल्या रेषेवर थांबले. लोकांनी पंखांची जागा पाहिली, इंजिन पाहिले, चकाकणाऱ्या पत्र्यावरून हात फिरविले. ब्रेकच्या नळीकडे कोणीही पाहिले नाही. पाहण्यासारखे तेथे काही नव्हतेच. तेथे होते ते फक्त तेल.

पुष्कळशी महत्त्वाची कामे अशीच असतात. ती चोख झाली म्हणजे दिसत नाहीत. त्यांच्यात कसूर राहिली की मात्र ती नेमकी संकटाच्या वेळी प्रकट होते. म्हणूनच ज्या कामावर दुसऱ्या कोणाची नजर पडणार नाही, त्यावर कर्त्याने स्वतःची नजर अधिक बारकाईने ठेवावयाची असते.

शब्दार्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणारा भाग. सुकाणू – दिशा राखण्याचे साधन. चकती – गोल सपाट तबकडी. आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा. स्तब्ध – निश्चल, गप्प. कसूर – उणीव, चूक. चोख – अगदी बरोबर.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राइट बंधूंच्या पहिल्या विमानाला ब्रेकची गरज का पडली नाही?
(आ) विमानाच्या ब्रेकच्या तेलाला तांबडा रंग का देतात?
(इ) तेल चढविताना मुलीने पेडले मागे का ओढून धरली?

२. कारणे द्या.
(अ) नळीत हवा राहिली तर वैमानिकाचे बळ चाकापर्यंत पोहोचत नाही.
(आ) एकाच बाजूचा ब्रेक सदोष असेल तर विमान धावपट्टी सोडून जाते.
(इ) बुडबुडा नळीच्या कमानीत अडकून राहिला.

३. ‘मनाला जे हवे असते ते खरे मानावयास मन फार लवकर तयार होते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एखादा प्रसंग देऊन स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
खर्ची पडणे, एका दमात, नजर ठेवणे, कसूर राहणे.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
सैल, निर्दोष, तात्पुरता, स्वाभाविक.

६. पाठात सांगितलेला पिचकारीचा प्रयोग करून पाहा. पिचकारीत अर्धे पाणी व अर्धी हवा असताना काय होते, ते दहा ओळींत लिहा.